जॅमरॅकचा वाघ

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्याजवळ पुष्कळ वर्षांपासून एक पोपट आहे; साधा, हिरवा, गळ्याभोंवतीं गुलाबी कांठ असलेला, सायंकाळीं कोणत्याहि पिंपळावर शेंकड्यांनीं कलकलाट करतांना दिसतो त्यांपैकींच एक. झाडावरून पडलेलें पिलूं त्यांनीं भिजविलेली हरभऱ्याची डाळ भरवून वांचविलें, इतकाच त्या संबंधाचा इतिहास. त्यांच्याच वरच्या मजल्यावर एक तरुण गृहस्थ आहेत. त्यांनीं २०१८ सालीं आफ्रिकेंतील राखी रंगाचा व तांबड्या शेपटीचा पोपट विकत आणला. त्याची किंमत त्यांनीं सांगितली तेव्हां, ती माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं मिळालेल्या एकंदर पगाराइतकी आहे, असा हिशेब माझ्या मनांत आपोआप झाला.

या दोघांपैकीं कायद्याच्या दृष्टीनें अपराधी कोण, असा प्रश्न मीं त्या सुमारास एकदां बी. ए. च्या वर्गांत घातला होता. बहुतेकांनीं श्रीमंत शेजाऱ्याकडे बोट दाखविलें. वस्तुस्थिति अगदीं उलट होती. बाईंचा हिरवा पोपट हा हिंदुस्थानचा रानपक्षी. त्यास पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरतो. राखी पोपट परदेशचा. त्याच्याविषयीं त्या कायद्यांत अवाक्षर नव्हतें. जो पक्षी आपल्या दारच्या झाडांवर मुबलक आहे त्याला पाळणें हा अपराध. आणि जो घानासारख्या देशांतील अरण्यांतून जवळजवळ नाहींसा झाला, रानांतून धरलेल्या ज्या पक्ष्याचा राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापार २०१७ पासून निषिद्ध ठरला, तो खुशाल दिवाणखान्यांत टांगावा! विद्यार्थी हंसले. मीहि हंसलों; परंतु घरीं परत येतांना हें कोडें मनांतून जाईना.

कायदे करणारांचा हा निव्वळ गहाळपणा होता असें म्हणून मोकळें होतां येईल. पण तें खरें नाहीं. प्रत्येक कायदा हा कोणत्या तरी एका प्रश्नाचें उत्तर असतो, आणि जो प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं त्याचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं. परमुलखांतील जनावर कोणीं बाळगावें, कोणीं विकावें, यासंबंधींचा वाद दीडशें वर्षांहून अधिक जुना आहे. त्यांत कोणता प्रश्न आधीं सुचला व कोणता कितीतरी उशिरां सुचला हें पाहावयाचें तर इंग्लंडकडे वळलें पाहिजे. कारण एकोणिसाव्या शतकांत जगांतील जिवंत जनावरांचा बाजार ज्या थोड्या बंदरांत भरत असे त्यांत लंडन अग्रगण्य होतें.

त्यापूर्वीं परका प्राणी ही राजाची चीज होती. तिसऱ्या हेन्रीला १२३५ सालीं सम्राट् दुसऱ्या फ्रेडरिककडून तीन बिबटे आले, १२५२ सालीं नॉर्वेहून एक पांढरें अस्वल आलें, १२५५ सालीं फ्रान्सच्या राजानें हत्ती धाडला. अस्वलाला साखळी लावून थेम्स नदींत मासे पकडावयास सोडीत. साखळीचा व मुसक्यांचा खर्च लंडनच्या शेरीफांच्या माथीं! राजांनीं राजांना नजराणे द्यावे व नगरवासीयांनीं त्यांचें पोट भरावें, यांत कायद्याचा प्रश्न येतोच कोठें? तो प्रश्न निर्माण झाला तो गोदीमुळें. कलकत्ता, सिंगापूर, केपटाउन येथून येणारे खलाशी फावल्या पैशांत माकड, पोपट, सुसरीचें पिलूं विकत घेत, आणि लंडनला उतरल्याबरोबर दारूच्या पैशासाठीं तें विकून टाकीत. त्यांचें गिऱ्हाईक म्हणून गोदीजवळच्या रॅटक्लिफ हायवे या रस्त्यावर चार्ल्स जॅमरॅक यानें दुकान थाटलें होतें.

जॅमरॅक (१८१५–१८९१) हा मूळचा हँबर्गचा. त्याचा बाप तेथील बंदर-पोलिसांचा अधिकारी होता व त्यानेंच हा धंदा सुरू केला होता. लंडनच्या दुकानांत काय मिळत नसे? सिंह, हत्ती, गेंडा, शहामृग, पोपटांच्या रांगाच्या रांगा. चित्रकार-कवि रोझेटी यास वाँबट नांवाचें ऑस्ट्रेलियन जनावर हवेंसें वाटलें, तें १८६९ सालीं त्यानें जॅमरॅककडूनच मिळविलें. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरींत लांडगा पळतो, तोहि मूळचा जॅमरॅकच्या दुकानांतला. त्या काळच्या वाचकाला निराळें कांहीं सांगावें लागत नसे.

इ. स. १८५७ च्या ऑक्टोबरची २६ तारीख. हें वर्ष आपल्याला दुसऱ्याच कारणानें पाठ आहे. दिल्ली पडून महिना झाला होता. ऑगस्टमध्यें ‘पंच’ या पत्रांत टेनियलनें काढलेलें, ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेंप घालीत आहे असें प्रचंड चित्र घरोघर पाहिलें गेलें होतें. अशा दिवसांत बंगालचा एक खराखुरा वाघ लंडनच्या रस्त्यावर आला. नुकत्याच आलेल्या गलबतावरून जॅमरॅकच्या आवारांत उतरविलेल्या एका लांकडी पिंजऱ्याची मागील बाजू कुजकी निघाली; वाघानें ती ढकलली आणि तो सरळ दरवाजाबाहेर पडला. रस्ता क्षणार्धांत ओस झाला. उभा राहिला तो एकच आठनऊ वर्षांचा मुलगा. त्यानें असें मांजर कधीं पाहिलें नव्हतें. त्यानें पुढें होऊन वाघाच्या नाकावरून हात फिरविला.

वाघानें त्याला कपड्यासकट तोंडांत धरलें व तो चालूं लागला. जॅमरॅक मागून धांवला, त्यानें वाघाच्या मानेची सैल कातडी दोन्ही हातांनीं पकडली आणि आपलें सारें वजन त्याच्यावर टाकलें. एका नोकरानें लोखंडी पहार आणून वाघाच्या तोंडावर हाणली, तेव्हां मुलगा सुटला. त्यास फारशी इजा झाली नव्हती. ही हकीकत जॅमरॅकनें १८७९ सालीं मुलांच्या एका साप्ताहिकांत स्वतःच लिहिली. तींत थोडेंबहुत तिखटमीठ असेल, पण तिचा शेवट कोर्टांत झाला हें निश्चित. मुलाच्या वतीनें फिर्याद झाली. त्याच्या सांगण्याप्रमाणें न्यायाधीश म्हणाले, कीं तुम्हीं जिवावर उदार होऊन मूल वांचविलें याबद्दल खरें म्हणजे तुम्हांला बक्षीस द्यावयास हवें, पण कायदा तसा नाहीं. सर्व मिळून ३०० पौंडांचा भुर्दंड त्याला पडला, आणि त्यांतील बराच मोठा भाग वकिलांच्या खिशांत गेला. परंतु धंदेवाईक माणूस तो! ‘मूल तोंडांत धरणारा वाघ’ म्हणून तेंच जनावर त्यानें एका फिरत्या प्राणिसंग्रहालयास ३०० पौंडांना विकलें. जमाखर्च जुळला.

या खटल्यामागें असलेलें तत्त्व त्या वेळीं नुकतेंच स्पष्ट झालें होतें. १८४६ सालच्या ‘मे विरुद्ध बर्डेट’ या खटल्यांत माकडानें एका बाईस चावा घेतला होता. मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जरूर नाहीं; जनावर घातक आहे हें ठाऊक असतां तें जो बाळगतो तो आपल्या जोखमीवर बाळगतो, असा निर्णय झाला. १८९० सालीं लंडनमधील एका करमणुकीच्या संस्थेच्या हत्तीसंबंधीं असेंच ठरलें: हा विशिष्ट हत्ती गरीब असेल, पण हत्ती ही जातच घातक वर्गांतली, सबब मालक जबाबदार. येथें आपल्याकडील वाचकास हंसूं येईल. त्याहून मौज अशी कीं, १९४० सालीं एका प्राणिसंग्रहालयांतील उंट सफरचंद चारणाऱ्या माणसाच्या हातास चावला, तेव्हां अपील कोर्टानें निकाल दिला कीं उंट हा पाळीव प्राणी होय. कारण जगांत कोठेंहि तो माणसावांचून राहत नाहीं. इंग्लंडांत कोणाच्या गोठ्यांत उंट होता देव जाणे! हत्ती रानटी व उंट घरगुती, अशी ही इंग्रजी न्यायाची प्राणिशास्त्रीय वर्गवारी झाली. १९५७ सालीं सर्कशींतील एक ब्रह्मी हत्तीण लहानशा कुत्र्यास बुजून धांवली व तिनें एका ठेंगण्या जोडप्याचा तंबू पाडला. ती गाईइतकी गरीब आहे, हें न्यायमूर्ति डेव्हलिन यांना मान्य होतें. तरीहि त्यांना मालकास दोषी ठरवावें लागलें. त्या निकालांतील त्यांचा दृष्टान्त मोठा मार्मिक आहे. मध्यरात्रीं जागें होऊन पाहावें तों सुटलेला वाघ आपल्या अंथरुणावर बसलेला, आणि त्या धक्क्यानें माणसाचें हृदय बिघडलें, तर वाघाचा हेतु मैत्रीचा होता हें सांगून काय उपयोग?

दृष्टान्त बिनतोड आहे. पण त्या अंथरुणावर वाघ आला कोठून, हें त्यांत कोठेंच येत नाहीं. शंभरसव्वाशें वर्षें इंग्रजी कायद्यानें एकच विचारलें: चावा बसला तर पैसे कोणीं भरावयाचे? चावा बसेपर्यंत कायदा झोंपलेला. वाघ बाळगूं नये असें नाहीं, विकूं नये असें नाहीं. फक्त त्यानें कोणाचें मूल तोंडांत धरलें तर ३०० पौंड तयार ठेवावे. आणि तोच वाघ बंगालच्या कोणत्या जंगलांतून, कोणाच्या हातून, त्याच्या आईचें काय करून आणला, हें तर लंडनच्या न्यायासनापुढें येण्याचें कारणच नव्हतें.

जॅमरॅकनंतर या धंद्यांत पुढें आलेला हँबर्गचा कार्ल हागेनबेक (१८४४–१९१३) यानें आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. हत्ती किंवा गेंडा पकडावयाचा तो पिलूं असतांनाच. आणि पिलूं हातीं यावयाचें तर त्याच्याभोंवतींचीं मोठीं जनावरें आधीं मारावीं लागतात, ही गोष्ट त्यानें कांहीं लपविलेली नाहीं. बंदरावर उतरणाऱ्या एका पिलाच्या मागें रानांत किती प्रेतें पडलीं असतील, त्यांची नोंद कोणत्याहि गलबताच्या वहींत होत नसे. यासंबंधीं गिऱ्हाइकांच्या मनास कांहीं टोंचणी लागल्याचें दिसत नाहीं. त्यांना टोंचणी लागली ती आवाजाची. रोझेटीनें चेल्सीमधील आपल्या घरीं मोर पाळले, आणि त्यांच्या केकांनीं शेजाऱ्यांची झोंप इतकी उडाली कीं, पुढें त्या रस्त्यावरील भाडेपट्ट्यांत मोर पाळूं नये असें कलमच जमीनमालकानें घातलें, असें सांगतात. परक्या जनावरावरील मनाईची ही बहुधा फार जुनी इंग्रजी तरतूद. तीहि झोंपेच्या रक्षणार्थ.

विसाव्या शतकांत गोदीच्या दुकानाची जागा झगमगीत पेढ्यांनीं घेतली. हॅरड्स या लंडनच्या विख्यात दुकानांत १९१७ पासून जनावरांचें एक स्वतंत्र दालन होतें. १९६९ सालीं तेथें दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनीं सिंहाचा एक छावा २५० गिनींना विकत घेतला. त्याचें नांव त्यांनीं ख्रिश्चन ठेवलें. किंग्ज रोडवरील एका फर्निचरच्या दुकानाच्या तळघरांत तो राही आणि जवळच्या एका चर्चच्या कबरस्थानांत चेंडू खेळे. त्या वेळीं इंग्लंडांत कुत्रा पाळावयास साडेसात शिलिंगांचा सरकारी परवाना लागे. सिंह पाळावयास कांहींच लागत नसे. ख्रिश्चन वर्षभरांत तळघरांत मावेनासा झाला. त्याचें नशीब थोर, म्हणून केनियांत जॉर्ज अॅडमसन यांच्याकडे त्याला नेऊन सोडतां आलें. (हे अॅडमसन जन्मले ते आपल्याकडे, इटाव्याला.) दोघे तरुण पुढें भेटीस गेले तेव्हां त्या सिंहानें त्यांना ओळखून मिठी मारली, त्याचें चलच्चित्र साऱ्या जगानें डोळे पुसत पाहिलें आहे. माझेहि डोळे ओले झाले, हें कबूल करतों. परंतु त्याच काळांत विकल्या गेलेल्या दुसऱ्या छाव्यांचें काय झालें, त्यांचीं चलच्चित्रें नाहींत.

अखेर १९७६ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें घातक वन्य प्राण्यांचा कायदा केला. यांत प्रथमच चावा बसण्यापूर्वीं कायदा जागा झाला. यादींतील प्राणी बाळगावयाचा तर स्थानिक नगरसंस्थेचा परवाना घ्यावा, पशुवैद्याकडून जागा तपासून घ्यावी, नुकसानभरपाईसाठीं विमा उतरावा. मनाई नव्हे, परवाना. त्यांतून प्राणिसंग्रहालयें, सर्कशी आणि, आश्चर्याची गोष्ट, परवानाधारक प्राणिविक्रेते वगळलेले होते. विक्रेत्यांवर तेव्हां १९५१ चा निराळा कायदा होता, हें त्याचें कारण. पण परिणाम असा कीं, सिंहाची चौकशी तो विकला गेल्यावर सुरू व्हावयाची.

या कायद्यावर पाळणारांचा आक्षेप तेव्हांपासून आजतागायत एकच आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, फी, तपासणी व विमा यांचा बोजा लादला कीं प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि अप्रामाणिक माणूस जनावर लपवितो किंवा रात्रीं मोटारींत घालून माळावर सोडून येतो. यास आधार आहे. १९८० सालीं स्कॉटलंडमध्यें कॅनिच गांवाजवळ सांपळ्यांत चक्क एक प्यूमा सांपडली, आणि ती माणसाळलेली निघाली. कायदा झाल्यावर पंचवीस वर्षांनीं सरकारनेंच करविलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, परवाना लागणाऱ्या प्राण्यांपैकीं बहुसंख्य बिनपरवानाच ठेवलेले होते. तथापि लपविणारे आहेत म्हणून नियमच नको, हें म्हणणें मला पटत नाहीं. मग जकातीचा किंवा प्राप्तीवरील कराचा कायदा तरी कोठें टिकावा? खरा दोष निराळा होता. कायदा बाळगणाऱ्याच्या दाराशीं उभा राहिला, आणि जनावर येतें त्या वाटेकडे त्याची पाठ होती.

एक गमतीची गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कॉर्नवॉलमधील बॉडमिनच्या माळरानावर मोकळा बिबट्या हिंडतो अशी बोलवा इतकी वाढली, कीं १९९५ सालीं शेतकी खात्यानें रीतसर चौकशी केली व खात्रीलायक पुरावा नाहीं असा अहवाल दिला. आठवडा लोटला नाहीं तोंच एका मुलास तेथील नदींत बिबट्याची कवटी सांपडली. काय तो जल्लोष! कवटी लंडनच्या निसर्गविज्ञान-संग्रहालयांत गेली. बिबट्या खरा, पण कवटीच्या आंत उष्ण देशांतील झुरळाची अंडीकोशी चिकटलेली आढळली, आणि मागचा भाग कातडें पेरतांना कापतात तसा कापलेला होता. तो बिबट्या इंग्लंडांत कधीं जिवंत हिंडलाच नव्हता. कोणाच्या तरी आजोबांच्या दिवाणखान्यांतलें, उष्ण मुलखांतून आणलेलें, डोक्यासकट अंथरण्याचें तें कातडें होतें. माळावर ज्याची भीति वाटत होती तें भूत साम्राज्याच्या अडगळीच्या खोलींतून आलें होतें.

मालकीहक्काचा वाद सर्वांत कडाक्याचा झाला तो अमेरिकेंत. १८ ऑक्टोबर २०११ रोजीं ओहायो संस्थानांत झेन्सव्हिल शहराजवळ एका गृहस्थानें आपल्या खासगी पिंजऱ्यांचीं दारें उघडून आत्महत्या केली. रात्र पडत होती, वस्ती जवळ. पोलिसांना गोळ्या घालण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. ५० च्या आसपास जनावरें मेलीं, त्यांत वाघ १८. त्या संस्थानानें २०१२ सालीं कडक कायदा केला, तेव्हां मालक कोर्टांत गेले: आमच्या जनावराच्या अंगांत ओळखीची चकती बसविण्याची, किंवा अमुक संस्थेचें सभासद व्हा असें सांगण्याची सत्ता सरकारला कोठून आली? ती आमची मालमत्ता आहे. २०१४ सालीं वरिष्ठ कोर्टानें हें म्हणणें फेटाळलें, आणि २०२२ च्या डिसेंबरांत वाघसिंहांसारखे मोठे मार्जारवर्गीय प्राणी खासगी रीत्या नव्यानें बाळगण्यास साऱ्या अमेरिकेंत बंदी झाली. येथेंहि कायदा जागा झाला तो शेजाऱ्याच्या भीतीनेंच.

मग जंगलाची बाजू मांडली कोणीं? ज्यांच्या मुलखांतून माल जातो त्यांनीं मांडली, आणि खरेदीदार देशांनीं ती फार उशिरां ऐकली. टोप्यांना लावण्याच्या पिसांसाठीं पक्षी मारले जात, त्या पिसांची निर्यात हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालीं बंद केली. इंग्लंडनें आयातबंदीचा कायदा केला तो १९२१ सालीं. मधलीं एकोणीस वर्षें एक दार लावलेलें व दुसरें सताड उघडें! स्वातंत्र्यानंतरची माकडांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पोलिओच्या लसीसाठीं आपलीं तांबड्या तोंडाचीं माकडें विमानें भरभरून पश्चिमेकडे जात. १९५५ च्या आरंभीं लंडनच्या विमानतळावर अशीं सुमारें ४०० माकडें कोंडून गुदमरून मेलीं. आपल्या सरकारनें निर्यात थांबविली, मग शर्ती घालून पुन्हां सुरू केली. आणि वैद्यकासाठीं म्हणून नेलेलीं माकडें तिकडे लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरलीं जातात असें उघडकीस आल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारनें १९७८ सालीं ती कायमची बंद केली. विकत घेणाऱ्याचा उपयोग कितीहि थोर असो, विकणाऱ्यानें ‘तेथें याचें काय होतें?’ असें विचारावें, हें येथें ठळकपणें घडलें.

हाच प्रश्न जगापुढें मांडणारा करार ३ मार्च १९७३ रोजीं वॉशिंग्टन येथें झाला व १९७५ च्या जुलैपासून अमलांत आला. ‘साइट्स’ या संक्षेपानें तो ओळखला जातो. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या तीन याद्या, आणि ठरलेल्या कागदांवांचून व्यापार नाहीं, असें त्याचें साधें स्वरूप आहे. हिंदुस्थान १९७६ सालीं त्यांत सामील झाला. त्याच १९७६ सालीं इंग्लंडनेंहि या करारासाठीं एक आयात-निर्यात कायदा केला. म्हणजे एकाच वर्षीं एकाच पार्लमेंटनें दोन कायदे केले. एकानें स्वतःच्या रस्त्याकडे पाहिलें, दुसऱ्यानें परक्याच्या रानाकडे. रॅटक्लिफ हायवेवरील त्या सकाळीपासून या दुसऱ्या दृष्टीला ११९ वर्षें लागलीं.

आतां आमच्या इमारतींतील कोड्याकडे येतों. आपला १९७२ चा कायदा इंग्लंडच्या नेमक्या उलट बाजूनें जन्मला. आपण माल पुरविणारे होतों. आपला वाघ, आपला बिबट्या, आपलीं कातडीं जात होतीं. म्हणून त्यानें विचारलें: आमच्या रानांतून काय नेलें? ज्या छत्रे-सर्कशीचा मराठी माणसास अभिमान, तिच्या वारसांकडील वाघ, सिंह, बिबटे, अस्वलें व माकडें १९९८ च्या अधिसूचनेनें काढून घेतलीं गेलीं तेव्हांहि आपली दृष्टि क्रूरतेच्या प्रश्नापर्यंत पोंचली होती. परंतु दुसऱ्यांच्या रानांतून आम्ही काय आणतों, हें विचारण्याची पाळी आपल्यावर येईल, असें १९७२ सालच्या गरीब देशांत कोणाला वाटलें असेल? आणि मग आपणहि खरेदीदार झालों. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९१ पर्यंत पुरती बंदी आल्यावर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत परदेशी पक्ष्यांचे पिंजरे तेवढे उघड राहिले. पुढें दक्षिण अमेरिकेचे मकाव, सरडे, आफ्रिकेचे अजगर हौशी घरांतून दिसूं लागले. सीमेवर जकात अधिकाऱ्याच्या हातीं सांपडला तर तो प्राणी चोरटा माल. सीमा ओलांडून घरांत शिरला कीं साव. आपल्या अंगणाची राखण करणाऱ्या कायद्याला दुसऱ्याच्या अंगणांतून उचललेली वस्तु दिसत नव्हती. लंडनच्या न्यायाधीशाला तरी वाघ कोठें दिसला होता? त्याला दिसला तो मुलगा.

ही फट बुजविण्यास २०२० च्या जूनमध्यें सुरवात झाली. परदेशी प्राणी बाळगणारांनीं सहा महिन्यांच्या आंत आपण होऊन नोंद करावी, त्यांना कागदपत्र विचारले जाणार नाहींत, असें केंद्र सरकारनें जाहीर केलें. तीस हजारांवर नोंदी झाल्या. यावर टीका झाली, आणि ती अस्थानीं नव्हती. चोरट्या मार्गानें आणलेलें जनावरहि एका अर्जानें धुतल्या तांदळासारखें झालें. पण माझ्या मतें दुसरा उपाय नव्हता. शिक्षेचें भय घातलें असतें तर कॅनिचच्या प्यूमासारखे किती अजगर कोंकणच्या रानांत सोडले गेले असते कोण जाणे. २०२२ च्या दुरुस्तीनें साइट्सच्या याद्या आपल्या कायद्यांत आल्या, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणें त्या याद्यांतील प्रत्येक जिवंत प्राण्याची मालकी, जन्म, मृत्यु व हस्तांतर हीं सर्व संगणकावर नोंदवावीं लागतात.

वरच्या मजल्यावरील गृहस्थांनीं नोंद केली. अर्ज भरतांना ते माझ्याकडे आले होते. पक्षी मिळाल्याचा मार्ग या रकान्याशीं त्यांची लेखणी अडली, कारण दुकानदारानें पावती दिली नव्हती, आणि त्या दुकानदारानें तो कोठून घेतला हें त्यांनीं कधीं विचारलेंच नव्हतें. शेवटीं काय लिहिलें तें मीं पाहिलें नाहीं.

खालच्या बाईंना ही हकीकत जिन्यांत कळली. “मास्तर, माझ्या मिठूचाहि असा कांहीं अर्ज असतो का हो?” असें त्यांनीं विचारलें. देशी पक्ष्यासाठीं तसा अर्ज नाहीं, हें मला सांगावें लागलें. वनखात्याच्या स्वाधीन करावा, असा कायद्याचा मार्ग आहे, तोहि सांगितला. पोपट तेव्हां त्यांच्या खांद्यावर बसून कानांतली कुडी ओढीत होता. त्याला उडतां येतें कीं नाहीं, हें आजवर कोणीं पाहिलेलें नाहीं.